छातीवरचे शहर

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे. टी-शर्टावर छापलेले परक्या शहराचे नाव, आणि तो टी-शर्ट घातलेल्या अनोळखी माणसाचा रस्त्यावर काढलेला फोटो. अशा फोटोंच्या मालिका हल्ली पुष्कळ निघतात. छायाचित्रकार परमुलखात जातो, बाजारात नि स्टेशनाबाहेर हिंडतो, आणि ज्याच्या अंगावर 'न्यूयॉर्क', 'लंडन', 'पॅरिस' असं काही दिसेल त्याला उभं करून टिपतो. कधी न विचारताच टिपतो. मग हे फोटो ओळीने लावले की पाहणाऱ्याला मौज वाटते. मौज कशाची? माणूस एकीकडचा, शहर दुसरीकडचं, याची.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या फोटोंत अक्षर आधी वाचले जाते आणि चेहरा मागाहून पाहिला जातो. ज्या फोटोत हा क्रम उलटतो तो चांगला. ज्यात उलटत नाही तो कितीही नेटका असला, तरी त्याने माणसाचा फलक केलेला असतो. आता हे असं का, ते सावकाश पाहू.

हे वांद्र्यात बोलायला कारण आहे. हिल रोडवर, ज्याचं कागदोपत्री नाव रामदास नायक मार्ग, आणि लिंकिंग रोडवर पदपथाच्या कडेने टी-शर्टांचे जे ढीग लागतात, त्यांत जगातली बरीच शहरं सापडतात. घासाघीस करून ती घरी नेता येतात. परदेशी पाहुणा कॅमेरा घेऊन वांद्रे स्टेशनाच्या पूर्वेला अर्धा तास उभा राहिला तर त्याला मालिकेपुरता माल सहज मिळेल. पण ती मालिका कशाची असेल? माणसांची, की अक्षरांची?

उत्तर देण्याआधी हा टी-शर्ट माणसाच्या अंगावर येतो कसा, ते बघायला हवं. एक रस्ता तिरुपूरहून येतो. तामिळनाडूतले हे गाव विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध आहे. परदेशी मागणीपेक्षा जास्त शिवलेला किंवा तपासणीत नापास झालेला माल देशी बाजारात उतरतो, त्याला आपण 'एक्स्पोर्टचा माल' म्हणतो. म्हणजे ज्या शर्टावर न्यूयॉर्क लिहिले आहे तो न्यूयॉर्कला जायला निघाला होता आणि वाटेत वांद्र्याला उतरला, असेही होऊ शकते. दुसरा रस्ता आखातातून येतो. कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा दुबईला किंवा मस्कतला असतो. तो सुट्टीवर येताना भावासाठी शर्ट आणतो. त्या भावाच्या छातीवरचे 'दुबई' म्हणजे फॅशन नव्हे. ते भावाचं पत्र आहे म्हणा ना. वांद्र्यातल्या गोवेकर घरांत बोटीवर काम करणारे पुरुष होते आणि आहेत. बंदराबंदरांतून आलेले कपडे त्या घरांना नवे नाहीत. तिसरा रस्ता बोहारणीचा. उच्चभ्रू घरातला मुलगा परदेशातून आणलेला शर्ट दोन वर्षे घालतो, मग तो शर्ट एका स्टीलच्या भांड्याच्या बदल्यात बोहारणीकडे जातो, आणि धुऊन-शिवून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतो. चौथा रस्ता फुटबॉलचा. मँचेस्टर, बार्सिलोना, लिव्हरपूल ही नावे घालून खेळणारी मुले इथल्या कुठल्याही मैदानात दिसतील. त्यांना ते शहर नको असते, तो संघ हवा असतो.

चार रस्ते, चार अर्थ. फोटोत मात्र चौघे सारखेच दिसतात. शर्टावरची अक्षरे स्पष्ट, आणि ती तिथं का आली हे गायब.

इथे आम्हाला आपल्या नैयायिकांची आठवण होते. वाक्यावरून अर्थाचे ज्ञान होण्यासाठी काय काय लागते, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. आकांक्षा, योग्यता, सन्निधी ही तीन अंगे त्यांनी सांगितली, आणि चौथे तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू. त्याचे नेहमीचे उदाहरण तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल: 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. गंमत बघा, 'सैंधव' या शब्दाचा मूळ अर्थ सिंधू देशातले. म्हणजे मिठाला आणि घोड्याला एका मुलखाचे नाव चिकटले होते, आणि तरीही त्याचा अर्थ बोलणाऱ्याकडे पाहूनच ठरत होता.

आता टी-शर्टाकडे या. 'न्यूयॉर्क' हा शब्द आहे, पण बोलणारा कोण? छापणारा कारागीर? ऑर्डर देणारी कंपनी? विकणारा? घालणारा? यांपैकी कुणीच ते वाक्य म्हणून उच्चारलेले नाही. शब्द आहे, तात्पर्य नाही. मग फोटो काढणारा काय करतो? तात्पर्य स्वतःच्या खिशातून काढून जोडतो आणि ते घालणाऱ्याच्या नावावर मांडतो. 'हा माणूस न्यूयॉर्क म्हणतोय, आणि याला ठाऊकही नाही आपण काय म्हणतोय.' हे वाक्य छायाचित्रकाराचे आहे. पण ते बोलायला लावले आहे दुसऱ्याच्या छातीला.

तुम्ही म्हणाल, घालणाऱ्याला खरोखरच ठाऊक नसेल तर? असेलही. पण ज्या शर्टाला सगळे हसतात, त्याचीच हकीगत ऐका. 'आय', मग लाल बदाम, मग 'एन वाय', ही जगातली बहुधा सर्वांत जास्त नकललेली शर्टावरची खूण. ती मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी १९७७च्या सुमारास केली, आणि त्याबद्दल मानधन घेतले नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७५ साली, न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. पाहुणे यावेत, पैसे यावेत, म्हणून केलेली ती जाहिरात होती. म्हणजे ती खूण मुळात काढली कुणासाठी? जे तिथे राहत नाहीत त्यांच्यासाठी! तेव्हा वांद्र्यातला कुणी तो शर्ट घालतो तेव्हा तो काही चुकीचे करत नाही. ज्याला उद्देशून ती जाहिरात होती तोच तो आहे, आणि वर तो ती जाहिरात पदरचे पैसे देऊन मिरवतो आहे. अज्ञान कुणाचे मानायचे, घालणाऱ्याचे की हसणाऱ्याचे?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हीच अक्षरे पाली हिलवरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या शर्टावर असतील तर तिचा फोटो या मालिकेत येत नाही. ती न्यूयॉर्कला गेलेली असेल किंवा नसेल, कुणी विचारणार नाही. मुंबई इंडियन्सचा निळा शर्ट सोलापुरात कुणी घातला तर त्यातही कुणाला विसंगती दिसत नाही. पण तोच न्यूयॉर्कचा शर्ट हातगाडी ओढणाऱ्याने, मासळीच्या पाट्या उचलणाऱ्याने, इमारतीच्या पहाऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने घातला की लगेच कॅमेरा वर येतो. म्हणजे विसंगती माणूस आणि शहर यांच्यातली नाहीच. ती माणसाची पायरी आणि शहराची पायरी यांच्यातली आहे. 'याच्या अंगावर हे कसं?' असं ते आश्चर्य आहे. आपल्या समाजाला हे आश्चर्य चांगले ओळखीचे आहे. कुणी काय नेसावे, कुणी पायात काय घालावे, याचे नियम आपल्याकडे शतकानुशतके होते आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा होती. आज शिक्षा नाही, हसू आहे. हसू सौम्य, पण मुळं तीच.

असा फोटो काढण्याची रीतही आजची नाही, आणि तिचा एक उगम आपल्याच शहरात आहे. विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज मुंबईत नोकरीला होता, पुढे छायाचित्रकार झाला. त्याने १८६३ पासून मुंबईतल्या 'पौर्वात्य वंश आणि जमाती' यांवर दोन खंडांत छायाचित्रे प्रसिद्ध केली. पारशी, ब्राह्मण, बोहरी, वेगवेगळे समाज एकेका पानावर. यातल्या चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागचे दृश्य दुसऱ्याच ठिकाणचे, अशी जोडणी केलेली आढळते. कुणाच्या मागे देऊळ, कुणाच्या मागे घाट. माणसाचे नाव नाही, समाजाचे आहे. पुढे सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले, त्यांची पद्धत साधारण हीच. कॅमेरा तेव्हा फक्त साहेबाच्या हातात होता असं मात्र समजू नका. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत.

जॉन्सनने माणसाच्या मागे स्थळ चिकटवले. आजच्या मालिकेत स्थळ माणसाच्या छातीवर आयते चिकटलेले मिळते. बाकी जुळणी तशीच आहे: अनाम माणूस, ठळक पाटी.

याला उत्तर म्हणून दुसरी एक परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती आम्हाला जास्त मोलाची वाटते. जत्रेतला फोटोवाला आठवा. मागे रंगवलेला पडदा. त्यावर ताजमहाल, विमान, बाग, कधी कमानी आणि कारंजे. नवरा-बायको त्यापुढे ताठ उभी राहतात. ती आग्र्याला गेलेली नसतात, आणि पाहणाऱ्यालाही ते माहीत असते. तरी त्या फोटोला आपण हसत नाही, किंवा हसलो तरी ते आपल्याच घरचे हसू असते. क्रिस्टोफर पिनी या अभ्यासकाने मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंवर लिहिले आहे. त्याचे 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक १९९७ साली आले. अशा फोटोंत माणसे आपण आहोत तसे नोंदवून घ्यायला येत नाहीत, आपल्याला काय होता येईल ते करून पाहायला येतात, हे त्यातून आम्हाला शिकायला मिळाले. फरक कुठे पडतो ते पाहा. पडदा गिऱ्हाईक निवडते. पैसे गिऱ्हाईक देते. आणि फोटो गिऱ्हाईक घरी नेते, भिंतीवर लावते. रस्त्यावरच्या मालिकेत निवड छायाचित्रकाराची, आणि फोटोही तोच घेऊन जातो. ज्याचा चेहरा, त्याच्याकडे काहीच उरत नाही.

आता प्रत्यक्ष दोन छायाचित्रकारांकडे वळू, कारण नुसत्या तक्रारीने समीक्षा होत नाही.

पहिला हान्स आयकेलबोम, नेदरलँड्सचा. १९९२ पासून पुढे कित्येक वर्षे तो शहराशहरांत रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना टिपत राहिला. कॅमेरा गळ्यातून छातीवर सोडलेला, बटण खिशात. समोरच्याला कळतही नाही. त्याच दिवशी, त्याच जागी, एकाच तऱ्हेचा कपडा घातलेली माणसे तो गोळा करतो आणि चौकटी-चौकटींत मांडतो. २०१४ साली 'पीपल ऑफ द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' या नावाचा त्याचा जाडजूड संग्रह आला. न विचारता फोटो काढणे आम्हाला रुचत नाही, पण त्याच्या कामात एक न्याय आहे तो नाकारता येत नाही. तो सगळ्यांना सारखे वागवतो. गरीब-श्रीमंत, गोरा-काळा, ॲम्स्टरडॅमचा आणि शांघायचा, सगळे एका चौकटीत. स्वतःला एकमेव समजणाऱ्या युरोपियन माणसालाही तो दाखवतो की बाबा रे, तुझ्यासारखा शर्ट घातलेले आणखी अकरा जण आज याच रस्त्याने गेले. हसू येते, पण ते कुणा एकावर नाही, बाजारावर येते. छातीवरच्या कॅमेऱ्याने छातीच पाहायची, चेहऱ्याचे सोंग करायचे नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. त्याची मर्यादाही तीच. एकही माणूस त्या पुस्तकातून आपल्या लक्षात राहत नाही.

दुसरा ब्रँडन स्टँटन. २०१० साली त्याने 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क' सुरू केले. आयकेलबोमच्या हे अगदी उलट. तो थांबवतो, विचारतो, बोलतो, आणि माणसाच्याच शब्दांतले चार ओळींचे म्हणणे फोटोखाली देतो. 'हा शर्ट कुठून आला?' हा प्रश्न ज्या पद्धतीत विचारता येतो ती ही पद्धत. म्हणून तात्पर्य परत मालकाकडे जाते. हा तिचा मोठा गुण. दोष असा, की हळूहळू प्रत्येक माणसाकडून एक गोष्ट हवीच असे होऊन बसते, आणि गोष्ट म्हणजे दुःख आणि त्यावर मात. ज्याच्याकडे तशी गोष्ट नाही त्याने काय करायचे? त्याचा चेहरा पुरत नाही का?

आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली. ही पद्धत जगभर पसरली. २०१४ साली 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' सुरू झाले. आणखी किती शहरांची नावे त्या साच्यात बसली याची गणती नाही. आता सांगा, अंगावर न्यूयॉर्क छापून हिंडतो तो फक्त हातगाडीवाला का? आपल्या शहराची ओळख करून द्यायची तर नावाचा साचासुद्धा न्यूयॉर्कचा, त्यावर फक्त शहर बदललेले. हातगाडीवाल्याच्या शर्टावरची अक्षरे आपल्याला लांबून दिसतात. आपल्या पाहण्यावर छापलेली दिसत नाहीत, कारण ती आपण आतून घातलेली आहेत. हे आम्ही कुणाला हिणवायला म्हणत नाही. दुसऱ्या शहराचे उसने घेऊन आपले काही करणे यात पाप नाही, मुंबई तर अशीच वाढली. पण मग तीच सवलत त्या हातगाडीवाल्यालाही द्या.

हे दुसऱ्या बाजूनेही तपासून पाहता येते. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात असतील. कधी तरी तिकडून फोटो येतो: भर रस्त्यात एक गोरा अनोळखी माणूस, आणि त्याच्या टी-शर्टावर देवनागरीत 'मुंबई'. घरातल्या ग्रुपवर आनंदाला उधाण येते. 'बघा, आपली मुंबई!' हा आनंद खरा आहे, त्यात वाईट काही नाही. परक्या गर्दीत आपलं अक्षर दिसणं म्हणजे आपलं माणूस भेटल्यासारखं असतं. पण दुसऱ्या दिवशी विचारा, तो माणूस कसा होता? चष्मा होता का? हसत होता का? कुणालाच सांगता येत नाही. न्यूयॉर्कचा प्रवासी वांद्र्यात जे करतो तेच इथे घडले: अक्षर आपले म्हणून उचलले, माणूस तिथेच राहिला. फरक एवढाच की त्या गोऱ्या माणसाला आपण हसलो नाही. का हसलो नाही, याचे उत्तर पायरीच्या मुद्द्यात मघाशी येऊन गेले.

एक आक्षेप नेहमी येतो, त्याला उत्तर देतो. 'विचारलं की माणूस सावध होतो, सहजपणा जातो, फोटो मरतो.' ऑगस्ट सँडर या जर्मन छायाचित्रकाराचे काम पाहा. त्याने आपल्या देशातल्या शेतकऱ्यांचे, गवंड्यांचे, हलवायांचे, वकिलांचे फोटो आयुष्यभर काढले. त्यातले साठ फोटो १९२९ साली पुस्तकरूपाने आले. नाझी राजवटीने १९३६ साली त्या पुस्तकाच्या छपाईचे ठसेच नष्ट केले. सँडरचा प्रत्येक माणूस सावध आहे. उभा राहिला आहे, कॅमेऱ्याकडे बघतो आहे, आपण कसे दिसावे हे त्याने ठरवले आहे. त्याखाली नाव बहुधा नसते, धंदा असतो, म्हणजे पाटी इथेही आहेच. तरीही चेहरा पाटीला पुरून उरतो. सहजपणा गेला आणि त्याच्या जागी माणसाचा स्वतःबद्दलचा विचार आला. सत्ताधाऱ्यांना तो फोटो धोक्याचा वाटला, यावरून तो मेलेला नव्हता एवढे तर नक्की.

तेव्हा असा फोटो समोर आला की एक साधी गोष्ट करून पाहा. छातीवरच्या अक्षरांवर अंगठा ठेवा. आता काय उरले? डोळे, हनुवटी, खांदे, हातातली पिशवी, मागचा रस्ता. हे पाहत राहावेसे वाटले, तर अंगठा काढा. मग ती अक्षरेसुद्धा त्या माणसाची होतात, त्याच्या भावाची, त्याच्या बोहारणीची, त्याच्या संघाची होतात. अंगठ्याखाली सगळा फोटोच गेला असेल, तर तो फोटो त्या माणसाचा नव्हता. शर्टाचा होता, आणि शर्टाचा फोटो दुकानात, हँगरवर लावूनही काढता आला असता. त्यासाठी कुणाला रस्त्यात उभं करायची गरज नव्हती.

आणि तुमच्यापैकी जे तरुण स्वतः मोबाइलवर असे फोटो काढतात त्यांना एकच विनंती. काढून झाला की तो त्या माणसाला दाखवा, आणि त्याच्याकडे फोन असेल तर पाठवून द्या. जत्रेतला फोटोवाला हे करत होता, त्यावरच त्याचा धंदा चालत होता. फोटो पाहून तो माणूस 'हा नको' म्हणाला तर पुसून टाका. 'छान आलाय' म्हणाला तर तुम्हाला समीक्षकाची गरज उरली नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.